मुंबईत बसून ज्वालामुखीवर नजर : उपग्रहाच्या औष्णिक प्रतिमा वाचायला शिकताना

२३ नोव्हेंबर २०२५ ला इथिओपियातला हायली गुब्बी ज्वालामुखी फुटला आणि दुसऱ्याच दिवशी त्याची राख अरबी समुद्र ओलांडून भारताच्या आकाशात आली. विमानं रद्द झाली, त्यात मुंबईची ये-जाही होती. त्या आठवड्यात ओळखीच्या चार जणांनी मला एकच प्रश्न विचारला: हे आपल्याला घरून बघता येतं का?

येतं, आणि एक पैसाही लागत नाही. मी अंधेरीतल्या घरून अंदमानच्या बॅरन बेटाची नोंद ठेवते. माझं शिक्षण भूगर्भशास्त्राचं नाही. सुरुवातीचे कित्येक महिने नको तिथे गेले, कारण हे सगळं एका ठिकाणी, आपल्या भाषेत सांगणारं कुणी भेटलं नाही. म्हणून हा लेख.

आमच्या सोसायटीत मर्चंट नेव्हीतून निवृत्त झालेले एक काका आहेत. बॅरनवर सापडलेला पहिला तापलेला पिक्सेल मी त्यांना हौसेने दाखवायला गेले. त्यांनी चष्मा पुसला, स्क्रीनकडे पाहिलं आणि विचारलं, "हे दिसलं ते ठीक आहे गं. पण मागच्या महिन्यात इथे काय होतं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढचं जे काही शिकले ते त्या एका प्रश्नामुळे. हा लेख वाचतानाही तो मनात राहू द्या.

काय काय लागेल

- साधा संगणक किंवा लॅपटॉप. सुरुवातीची जवळजवळ सगळी कामं ब्राउझरमध्येच होतात. मोबाइलवर नकाशा दिसतो, पण तुलना करणं जिकिरीचं होतं.
- एक ईमेल आयडी आणि त्यावर उघडलेली दोन खाती: नासाचं अर्थडेटा आणि युरोपचं कोपर्निकस डेटा स्पेस. पुढे हवं असेल तर इस्रोच्या मोसडॅकचंही. तिन्ही मोफत.
- एक्सेल किंवा तसलं कुठलंही स्प्रेडशीट.
- पुढच्या टप्प्यासाठी क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर, हेही मोफत. पहिल्या महिन्यात त्याच्या वाटेला जाऊ नका.
- एक वही. खरीखुरी, कागदाची असेल तर उत्तम.

१. एकच ज्वालामुखी निवडा

नवा माणूस एटना, किलावेआ, स्ट्रॉम्बोली असे दहा ज्वालामुखी एकदम उघडून बसतो आणि आठवड्याभरात कंटाळतो. एकच घ्या. माझं मत विचाराल तर बॅरन घ्या. भारतातला तो एकमेव सक्रिय ज्वालामुखी. पोर्ट ब्लेअरपासून (आताचं श्री विजयपुरम) ईशान्येला साधारण १४० किलोमीटरवर, जेमतेम ३ किलोमीटर रुंदीचं बेट. मध्ये सुमारे २ किलोमीटर रुंद जुनं विवर, पश्चिमेला समुद्राच्या बाजूने फुटलेलं, आणि त्या विवराच्या पोटात आजचा काळा शंकू.

नोंदी १७८७ पासूनच्या आहेत. एकोणिसाव्या शतकात तो निवला आणि दीडशेहून जास्त वर्षांनी, १९९१ मध्ये, पुन्हा जागा झाला. तेव्हापासून थांबून थांबून चालूच आहे. सप्टेंबर २०२५ मध्येही उद्रेक झाले.

शिकण्यासाठी बॅरन सोयीचा आहे, कारण तिथे माणसांची वस्ती नाही. कारखाना नाही, शेत जाळणं नाही, वीटभट्टी नाही. बेटाच्या मध्यावर रात्री उष्णता दिसली तर संशयित एकच.

स्थान वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा: १२.२७८ उत्तर, ९३.८५८ पूर्व. (संकेतस्थळांवर टाइप करताना आकडे इंग्रजीतून टाका. देवनागरी आकडे बहुतेक शोधपेट्यांना कळत नाहीत.)

जोडीला नार्कोंडमही लिहा: १३.४३ उत्तर, ९४.२८ पूर्व. बॅरनपासून साधारण १३५ किलोमीटर उत्तरेला असलेलं हे बेटही ज्वालामुखीचंच, पण झोपलेलं. जगात दुसरीकडे कुठेही न सापडणारा नार्कोंडम धनेश तिथल्या जंगलात राहतो. आपल्या दृष्टीने ते तुलनेचं ठिकाण आहे. एकाच रात्री दोन्ही बेटांवर काही विचित्र दिसलं तर आधी उपग्रहावर किंवा ढगांवर संशय घ्या, ज्वालामुखीवर नंतर.

२. उष्णता "दिसते" म्हणजे काय होतं

ही पायरी गाळू नका. पुढचे निम्मे गोंधळ इथेच मिटतात.

प्रत्येक वस्तू किरण सोडते. वस्तू जितकी तापलेली, तितकी त्या किरणांची तरंगलांबी कमी. २७ अंश सेल्सिअसचा समुद्र सर्वांत जास्त किरण ९.७ मायक्रॉनच्या आसपास सोडतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). ११०० अंशांचा ताजा लाव्हा २.१ मायक्रॉनच्या आसपास. म्हणून उपग्रह एकाच जागेकडे दोन वेगवेगळ्या पट्ट्यांतून बघतो: ४ मायक्रॉनच्या जवळचा मध्य-अवरक्त पट्टा आणि ११ मायक्रॉनच्या जवळचा औष्णिक पट्टा.

आता खरी गंमत बघा. व्हीआयआयआरएस नावाचा सेन्सर सुओमी एनपीपी, नोआ-२० आणि नोआ-२१ या तीन उपग्रहांवर आहे. त्याचा बारीक पिक्सेल ३७५ मीटरचा, म्हणजे जवळपास १ लाख ४० हजार चौरस मीटर. त्यात १० मीटर बाय १० मीटरचा उघडा लाव्हा ठेवा. पिक्सेलचा चौदाशेवा हिस्सा! मी कागदावर हिशेब केला. हवेचा परिणाम आणि लाव्ह्यावरची साय सोडून दिली, तर तेवढ्याशा तुकड्याने ११ मायक्रॉनच्या पट्ट्यात पिक्सेलचं तापमान जेमतेम २ अंशांनी वाढतं. ३.७ मायक्रॉनच्या पट्ट्यात मात्र ते ३०० केल्विनवरून (म्हणजे २७ अंश सेल्सिअसवरून) थेट सेन्सरच्या मर्यादेपलीकडे जातं.

म्हणून नुसतं "किती तापलंय" बघून भागत नाही. दोन पट्ट्यांतला फरक बघायचा. उन्हाने तापलेला खडक दोन्ही पट्ट्यांत चढतो. लहानसा पण भयंकर तापलेला बिंदू फक्त ४ मायक्रॉनच्या पट्ट्यात उसळतो. बाकी सगळी तंत्रं या एका गोष्टीवर उभी आहेत.

३. आधी मुंबईवर हात बसवा

बॅरनकडे जायच्या आधी एक आठवडा आपल्याच दाराशी काढा. नासाचा फर्म्स नावाचा नकाशा उघडा. जगभरातले तापलेले पिक्सेल उपग्रह वरून गेल्यावर साधारण तीन तासांत त्यावर येतात. मुंबईवर या आणि मग पश्चिमेला समुद्रात सरका. किनाऱ्यापासून १६० किलोमीटरच्या आसपास, जिथे पाण्याशिवाय काही असायला नको, तिथे ठिपके दिसतील. ते मुंबई हायचे तेलफलाट. तिथे जळणाऱ्या वायूच्या ज्योती उपग्रहाला रात्री स्पष्ट दिसतात.

सात दिवसांचे ठिपके एकत्र लावा. ठिपका रोज तिथेच पडतो का? नाही. ज्योत तिथेच असते, पण ठिपका दोनचारशे मीटर इकडेतिकडे होतो, कारण नोंदवला जातो तो पिक्सेलचा मध्य. उपग्रह अगदी डोक्यावरून गेला तर पिक्सेल लहान असतो, कडेने गेला तर मोठा आणि ताणलेला. जुन्या मोडिस सेन्सरचा १ किलोमीटरचा पिक्सेल कडेला जवळजवळ ५ किलोमीटर लांब होतो. हे मुंबई हायवर डोळ्यांनी पाहिलंत की उद्या बॅरनवर ठिपका ४०० मीटर सरकला म्हणून "नवं मुख उघडलं" असा निष्कर्ष तुम्ही काढणार नाही. मी काढला होता.

दुसरा सराव देवनारचा. जानेवारी २०१६ च्या अखेरीस देवनारच्या डम्पिंग ग्राउंडला लागलेल्या आगीचा धूर कित्येक दिवस पूर्व उपनगरांवर होता, आठवत असेल. फर्म्सच्या संग्रहातून २५ जानेवारी ते ५ फेब्रुवारी २०१६ चा डेटा मागवा आणि देवनारभोवती चौकट टाकून काय सापडतं ते बघा. तुम्ही स्वतः नाकाने हुंगलेली घटना आकड्यांत शोधताना जे कळतं, ते कुठल्याही पाठात कळत नाही.

४. बॅरनच्या नोंदी काढा आणि एक ओळ नीट वाचा

फर्म्सच्या संग्रहात बॅरनभोवती लहान चौकट आखा: अक्षांश १२.२५ ते १२.३१, रेखांश ९३.८३ ते ९३.८९. व्हीआयआयआरएसचा मागच्या एका वर्षाचा डेटा सीएसव्ही फाइलमध्ये मागवा. ईमेलवर दुवा येतो.

फाइल उघडली की आकड्यांचा गठ्ठा अंगावर येतो. घाबरू नका, एकच ओळ घ्या. समजा, नमुन्यादाखल, ती अशी आहे: १२.२८, ९३.८६, पहिलं तापमान ३३४.६, दुसरं तापमान २९१.३, तारीख १४ जानेवारी, वेळ १९१२, विश्वासार्हता "एन", एफआरपी ३.१, शेवटी "एन".

पहिलं तापमान ३.७ मायक्रॉनच्या पट्ट्यातलं, केल्विनमध्ये. दुसरं ११ मायक्रॉनच्या पट्ट्यातलं. दोघांत ४३ अंशांचा फरक. म्हणजे पिक्सेल बहुतांश थंडच आहे आणि आत कुठेतरी लहानसं काहीतरी खूप तापलंय. एफआरपी म्हणजे बाहेर पडणारी उष्णताशक्ती, मेगावॉटमध्ये. शेवटचा "एन" म्हणजे नाइट. विश्वासार्हतेतला "एन" वेगळा, तो नॉमिनल म्हणजे सर्वसाधारण.

आता वेळ. १९१२ म्हणजे संध्याकाळी सात वाजून बारा मिनिटं, असं वाटतं ना? ही वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ आहे. त्यात साडेपाच तास मिळवा: रात्रीचे १२ वाजून ४२ मिनिटं, आणि तारीख झाली १५ जानेवारी. बॅरनची रात्रीची जवळजवळ प्रत्येक नोंद याच वेळेच्या आसपास असते, त्यामुळे प्रत्येक नोंदीची तारीख एक दिवसाने मागे राहते. मी पाच महिन्यांचा तक्ता बातम्यांशी आणि जहाजांवरून आलेल्या वर्णनांशी जुळवला होता. तो सगळा एका दिवसाने चुकलेला निघाला आणि दोन रविवार बसून पुन्हा लिहावा लागला. पहिल्याच दिवशी "भारतीय तारीख-वेळ" असा वेगळा रकाना करा.

या पायरीवरचे आणखी सापळे:

- एक्सेल पुढची शून्यं खातं. ०७१५ चं ७१५ होतं, ०००५ चं नुसतं ५ उरतं. वेळेचा रकाना आधी "टेक्स्ट" करा, मग फाइल भरा.
- विश्वासार्हता "हाय" म्हणजे "नक्की ज्वालामुखी" नव्हे. व्हीआयआयआरएसमध्ये त्याचा अर्थ पिक्सेल सेन्सरच्या मर्यादेला टेकला. ही मर्यादा ३६७ केल्विन आहे, त्यामुळे तिथे खरं तापमान कळतच नाही.
- दिवसाच्या "लो" नोंदी बाजूला काढा. समुद्रावर चमकणारं ऊन ४ मायक्रॉनच्या पट्ट्यात उष्णतेसारखंच दिसतं. नवशिक्याने पहिले तीन महिने फक्त रात्रीच्या नोंदी वापराव्यात, असं मी आग्रहाने सांगेन.
- संग्रहातल्या पक्क्या डेटात "टाइप" नावाचा रकाना असतो: ० म्हणजे वणवा असावा, १ म्हणजे सक्रिय ज्वालामुखी, २ म्हणजे जमिनीवरचा दुसरा स्थिर स्रोत, ३ म्हणजे समुद्रातला. ताज्या डेटात हा रकाना नसतो. तो शोधत बसू नका.

५. तयार आलेखांशी ताडून पाहा

दोन यंत्रणा हे काम कितीतरी वर्षं करत आहेत. हवाई विद्यापीठाची मोडव्होल्क आणि इटलीतल्या तुरिन विद्यापीठाची मिरोव्हा. मोडव्होल्क दोन पट्ट्यांतल्या किरणांच्या तीव्रतेच्या (तापमानांच्या नव्हे) वजाबाकीला त्यांच्या बेरजेने भागते. रात्री हे गुणोत्तर उणे ०.८ च्या वर गेलं की इशारा. गणित इतकं साधं आहे की तुम्ही स्वतः करू शकता. पण ती फक्त ठळक उष्णता पकडते. बारीक धुगधुगी निसटते.

मिरोव्हा जास्त हळवी आहे. तिच्या आलेखात शिखरापासून ५ किलोमीटरच्या आतल्या नोंदी निळ्या आणि बाहेरच्या काळ्या रेघांनी दाखवतात. बॅरनच्या पानावर निळ्याच बघायच्या. उभा अक्ष दहाच्या पटीत वाढतो, हे विसरू नका. रेघ दुप्पट उंच दिसली म्हणजे उष्णता दुप्पट झाली असं नाही.

तुमची यादी आणि हे आलेख जुळले नाहीत तर आधी स्वतःची चूक शोधा. बहुतेक वेळा तारीखच चुकलेली असते.

६. जवळून बघा : सेंटिनेल-२

हा माझा सगळ्यात आवडता भाग. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाला औष्णिक पट्टा नाही, पण २.२ मायक्रॉनचा बी-१२ नावाचा पट्टा आहे आणि पिक्सेल फक्त २० मीटरचा. दर ५ दिवसांनी, आपल्या पावणेदहाच्या सुमारास तो बॅरनवरून जातो.

कोपर्निकस ब्राउझर उघडा, स्थान टाका आणि ढगांची मर्यादा सरळ १०० टक्क्यांवर न्या. हे न केल्यामुळे मी कित्येक चांगल्या प्रतिमांना मुकले. ढगांचं प्रमाण शंभर किलोमीटरच्या अख्ख्या चौकटीसाठी मोजलेलं असतं. चौकट ८० टक्के ढगाळ आणि नेमकं बेट मोकळं, असं सतत होतं.

प्रकार एल-१सी घ्या. मग कस्टममध्ये जाऊन लाल रंगाला बी-१२, हिरव्याला बी-११, निळ्याला बी-८ए द्या. बेटाभोवतीची झाडी निळसर होते, समुद्र काळा, ताज्या राखेचा शंकू गडद. शंकूच्या टोकावर, सगळं जुळून आलं तर, दोनतीन नारिंगी चौकोन दिसतात. पहिल्यांदा ते दिसले तेव्हा मी बराच वेळ फक्त झूम करत आणि मागे येत राहिले. जास्त तापलेला चौकोन पिवळा आणि मग पांढरट होतो, कारण उष्णता पुढच्या पट्ट्यांतही उतरते. कधी नारिंगी ठिपक्यांची बारीक माळ उतारावरून समुद्राकडे जाते. ती लाव्ह्याची धार. दोन तारखांच्या प्रतिमा एकावर एक ठेवून तिची लांबी ब्राउझरच्या फूटपट्टीने मोजा.

धूर दाट असेल तर खालचं काही दिसणार नाही. तेव्हा प्रतिमा रिकामी म्हणून टाकून देऊ नका. "धूर, मुख झाकलेलं" असं लिहा.

७. लँडसॅट आणि इन्सॅट कधी वापरायचे

लँडसॅट ८ आणि ९ हे अमेरिकेचे उपग्रह मिळून दर ८ दिवसांनी येतात. पृष्ठतापमानाची तयार फाइल मिळते. तिच्यातला आकडा ०.००३४१८०२ ने गुणून त्यात १४९ मिळवले की केल्विन. उदाहरणार्थ ४४,००० म्हणजे २९९.४ केल्विन, म्हणजे २६ अंश सेल्सिअस. फाइल ३० मीटरची दिसते, पण औष्णिक सेन्सरचा खरा पिक्सेल १०० मीटरचा आहे. शेजारच्या तीन चौकोनांत सारखं तापमान दिसलं तर ते एकच मोजमाप वाटून दिलेलं असू शकतं.

आपल्या इन्सॅट-३डीआर, ३डीएसचा डेटा मोसडॅकवर मिळतो. एकेका उपग्रहाची दर अर्ध्या तासाला एक प्रतिमा. पण औष्णिक पिक्सेल ४ किलोमीटरचा, म्हणजे अख्ख्या बॅरन बेटाहून मोठा. लहान उष्णता त्यात विरून जाते. इन्सॅट राखेच्या ढगासाठी वापरा. ११ मायक्रॉनच्या तापमानातून १२ मायक्रॉनचं वजा करा. पाण्याच्या किंवा बर्फाच्या ढगात उत्तर सहसा अधिक येतं, राखेच्या ढगात उणे. हायली गुब्बीसारखा ढग शोधायची किल्ली हीच. राख आणि उष्णता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे पोचते ती राख थंड असते. तिला फर्म्समध्ये शोधू नका.

८. "नाही" कसं लिहायचं ते ठरवा

आता काकांच्या प्रश्नाकडे. मागच्या महिन्यात काय होतं?

फर्म्स फक्त "दिसलं" एवढंच सांगतं. ओळ नसेल तर तीन शक्यता असतात: ज्वालामुखी निवलेला होता, वर ढग होते, किंवा उपग्रह गेला त्या क्षणी काही चालू नव्हतं. जानेवारी २०१७ मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ जहाजातून बॅरनजवळ होते. त्यांनी पाहिलेले उद्रेक पाचदहा मिनिटांचे, थांबून थांबून होणारे होते. दिवसा नुसती राख, अंधार पडल्यावर लाल कारंजी. उपग्रह तर काही सेकंदांत निघून जातो. दोन झटक्यांच्या मधला क्षण त्याच्या वाट्याला आला, तर तुमच्या यादीत ती रात्र कोरी राहणार.

म्हणून वहीत रोज एक ओळ, आणि तिच्यात चारपैकी एकच शब्द: तापलेला, शांत, ढग, पाहिलं नाही. "शांत" लिहायच्या आधी नासाच्या वर्ल्डव्ह्यू या संकेतस्थळावर त्या रात्रीचा औष्णिक थर उघडून बेटावर ढग नव्हते ना, हे बघा. बेट समुद्रापासून वेगळं ओळखू आलं तरच "शांत". नाहीतर "ढग".

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास अंदमानात मोसमी पाऊस पोचतो आणि पुढे कित्येक महिने तुमची वही "ढग, ढग, ढग" म्हणत राहते. ती पानंही भरा. मी पहिल्या वर्षी ती सोडली आणि नंतर मोकळ्या जागा शांततेच्या समजून बसले. शक्य असेल तर सुरुवात डिसेंबर-जानेवारीत करा. तेव्हापासून एप्रिलपर्यंत आकाश सर्वांत मोकळं मिळतं.

९. कुणाला सांगायचं, किती सांगायचं

पिक्सेल तापला म्हणजे उद्रेक झाला असं नाही, आणि उद्रेक वाढणार असं तर मुळीच नाही. औष्णिक प्रतिमा आत्ताचं सांगते, उद्याचं नाही. स्क्रीनशॉट काढून "अंदमानात मोठा स्फोट" असा निरोप व्हॉट्सॲपवर सोडू नका. अंदमानात राहणाऱ्या, तिथे फिरायला गेलेल्या माणसांच्या घरच्यांचा जीव त्याने टांगणीला लागतो.

खात्री करायची असेल तर स्मिथसोनियनच्या जागतिक ज्वालामुखी कार्यक्रमात बॅरनचं पान बघा, क्रमांक २६००१०. विमानांसाठीच्या राखेच्या सूचना बॅरनबाबत ऑस्ट्रेलियातलं डार्विन केंद्र काढतं, इथिओपियाबाबत फ्रान्समधलं तुलूझ केंद्र. अधिकृत बोलणं त्यांचं आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं.

तुम्ही मात्र सांगताना तीन गोष्टी जोडून सांगा: कुठल्या उपग्रहाने पाहिलं, भारतीय वेळ काय, आणि त्याआधीच्या तीस दिवसांत किती रात्री तापलेल्या, किती शांत, किती ढगाळ. माझ्या वहीतल्या अशा एका महिन्याचं पान काकांना नेऊन दिलं, तेव्हा त्यांनी बोटाने एकेक ओळ मोजली, "ढग" वर थांबले आणि म्हणाले, "या अकरा रात्री सोडून बोल." आता मी प्रत्येक पानाच्या तळाशी ढगाळ रात्रींचा आकडा आधी लिहिते, तापलेल्या रात्रींचा नंतर.